नमुना सही

"पाव्हणं, बोर्डावर विकणारा एकबी न्हाई," माझे साडू बाहुबली अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "चहा घ्या. तेवढा तरी मिळतोय."

सांगलीत गणपती पेठेत एका चपलांच्या दुकानावर शेअर दलालाचं ऑफिस होतं. दोन संगणक, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घरी कुणालाच न सांगता आलेली आम्ही पाच-सहा माणसं. सकाळचे अकरा वाजून गेले होते. समोरच्या पडद्यावर कृष्णातीर कास्टिंग या कंपनीच्या नावापुढे घेणाऱ्यांची लांबलचक रांग लागली होती आणि विकणाऱ्यांच्या रकान्यात शून्य होतं. भाव शहाण्णववर थांबला होता. दिवसात शेअर वीस टक्के चढला की त्याला तिथेच कुलूप लागतं, त्याच्या वर सौदा होत नाही. सगळ्यांना वाटतं उद्या आणखी वाढणार, म्हणून कुणी विकत नाही.

आणि मला सहाशे शेअर घ्यायचे होते. हौस म्हणून नव्हे, त्या सकाळी माझ्याकडे नसलेले सहाशे शेअर मी विकून बसलो होतो म्हणून.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना हा वेडेपणा वाटेल, आणि तो होताच. पण बाजारात तशी सोय असते. सकाळी चढ्या भावात आधी विकायचं, दुपारी भाव उतरला की तेवढेच परत घ्यायचे, मधला फरक खिशात. संध्याकाळी देणं नाही, घेणं नाही. अण्णांनी हा खेळ तीन वर्षं चालवला होता. त्यांच्या अंगणात त्यातूनच मोटार आली होती. माझ्या अंगणात मोटार नव्हती, आणि दर सणाला सासुरवाडीला गेलं की ती मोटार मला धुवायला लावल्यासारखी दारात उभी असायची. साडू हे नातंच देवानं माणसाला खाली बघायला लावण्यासाठी केलंय, असं माझं तेव्हाचं मत होतं.

मी मार्केट यार्डात तोलाईदार होतो. हळद, गूळ, बेदाणा, जे येईल ते काट्यावर चढवायचं आणि वजन मोठ्यानं सांगायचं. माझ्या वजनाला कुणी कधी बोट लावलं नाही. शेतकरी आणि अडत्या दोघंही माझ्या शब्दावर विश्वासायचे, याचा मला माज होता. अण्णांना जमतं ते मला का जमू नये, एवढाच माझा विचार. दोन महिने त्यांच्या शेजारी बसून मी बघितलं. ते विकायचे, चुकले की हसून तोटा घ्यायचे, तोंड पुसायचे आणि दुसरा सौदा लावायचे. तोटा घेताना त्यांचा हात कधी थांबला नाही. ते मी बघितलं, पण माझ्या ध्यानात फक्त मोटार राहिली.

त्या मंगळवारी दहाच्या सुमाराला मी कृष्णातीरचे चारशे विकले, ब्याऐंशीला. हाच शेअर निवडला कारण तो ओळखीचा होता. माझ्या बायकोच्या नावावर तो होता, म्हणून पेपरात त्याचा भाव मी सात वर्षं वाचत आलो होतो. ऐंशीच्या वर गेला की परत खाली येतो, हे मला पाठ होतं. पंधरा मिनिटांत तो शहाऐंशीवर गेला. अण्णा हळूच म्हणाले की घ्या परत, सोडून द्या. पण मी तोलाईदार. एक पारडं वर गेलेलं दिसलं की त्यात वजन टाकायचं, काटा मध्ये येईपर्यंत टाकत राहायचं, हीच वीस वर्षांची सवय. मी मुजावरला सांगितलं, आणखी दोनशे विक. मुजावर हा तिथला सौदे लावणारा माणूस, कमी बोलणारा. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं. दहा मिनिटांनी बातमी आली की बाहेरची कुणी मोठी कंपनी कृष्णातीर विकत घेणार आहे. पारडं वर गेलं ते खाली आलंच नाही.

साडेतीनपर्यंत मी त्या खुर्चीतून उठलो नाही. लघवीलासुद्धा गेलो नाही, न जाणो तेवढ्यात एखादा विकणारा आला तर. आपण दाराशी उभे आहोत, दार बाहेरून बंद आहे आणि बाहेर कुणी माणूसच नाही, तसं वाटत होतं. एकदा कुणीतरी पन्नास विकायला काढले. मुजावरची बोटं कीबोर्डवर जायच्या आत रांगेत पुढे असलेल्यानं ते उचलले. माझ्या पुढे रांगेत लाखो शेअर मागणारे होते.

बाजार बंद झाल्यावर मुजावरनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. परवा सकाळी हे शेअर तुमच्या खात्यातून समोरच्याला द्यावे लागतील, तो म्हणाला. नाही दिले तर ते तुमच्या पैशानं लिलावातून घेऊन समोरच्याला देणार, आणि लिलावात भाव कुठं जाईल सांगता येत नाही. इथं तुम्ही ठेवलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त जातील.

"साहेब, एक बोलू का?" तो पुढे म्हणाला. "तुमचा हात ह्या कामाचा न्हाई. तुम्ही घेऊन घरी जाणाऱ्यातले हाय."

मला त्याचा राग आला. खरं सांगणाऱ्याचा येतो तसा आला.

इथं ठेवलेले पैसे माझे नव्हते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते त्रिशलाचे होते, माझ्या बायकोचे. सासरे वारल्यावर भावांनी हरिपूरची जमीन विकली आणि दोघी बहिणींना वाटणी दिली. त्या पैशातून तिला विश्रामबागेत, कॉलेजसमोर, झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान टाकायचं होतं. गाळा बघून झाला होता. महिनाअखेरीला अनामत भरायची होती. तोवर पैसे बँकेत पडून काय करणार, मी त्यांची जरा वाढ करतो, असं मी मनात म्हणालो होतो. तिला म्हणालो नव्हतो.

जिना उतरताना अण्णा थांबले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला आज कबूल करता येतं. तेव्हा जमलं नसतं.

"पाव्हणं, तुमच्या मंडळींकडं हायत की सहाशे," ते म्हणाले. "मामांनी दोघींना सारखेच दिलेले. आमच्या हिचे मी पहिल्याच वर्षी काढले. तुमचे असतील."

होते. सासऱ्यांनी लग्नाआधी दोन्ही मुलींच्या नावानं खाती उघडून त्यात सहाशे-सहाशे टाकले होते. ते शेअर माझ्या खात्यात वळते केले की माझं देणं फिटणार होतं. विकलेल्या भावाचे पैसे मला मिळणार होते, आणि दुकानाचे पैसे सुटणार होते. त्यासाठी एक चिठ्ठी भरून सही करायची होती. चिठ्ठ्यांचं पुस्तक, चेकबुकासारखं, आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात होतं. अण्णा म्हणाले, उद्या चारच्या आत द्या म्हणजे झालं.

"तिला सांगावं लागंल," मी म्हणालो.

"सांगा की," अण्णा म्हणाले. "न्हाईतर सांगू नका. तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी घरी गेलो तर त्रिशला जमिनीवर पट्टी घेऊन बसली होती. गाळ्याची मापं तिनं वहीच्या पानावर काढली होती. काउंटर दारात ठेवला तर मुलं उन्हात उभी राहतील, आत ठेवला तर मशीनला जागा उरत नाही, तुम्ही काय म्हणता, तिनं विचारलं. मी आत म्हणालो. मग दारात म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, तोलाईदाराचा काटा आज हलतोय. मला तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी उठून पाणी प्यायला गेलो, आणि ती भाकरी करायला गेल्यावर कपाटातून पुस्तक काढून पिशवीत टाकलं.

त्रिशलाची सही मला चांगली यायची. गॅसच्या पुस्तकावर, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, पोस्टाच्या पावतीवर मीच करायचो, तिच्या सांगण्यावरून. बुधवारी सकाळी तोलाई ऑफिसात बसून मी चिठ्ठी भरली. खात्याचा नंबर छापलेलाच होता. खाली नाव लिहिलं, सौ. त्रिशला सुकुमार मगदूम, आणि वर सही केली. 'ला'चा काना तिच्यासारखाच लांब ओढला. सही एका दमात झाली. तेच आज आठवून जास्त वाईट वाटतं.

खाती सांभाळणारं ऑफिस राममंदिर चौकाच्या बाजूला होतं. खिडकीत देशिंगकर नावाच्या बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि दुपारी या म्हणाल्या. अडीचला गेलो तर त्यांनी ती काचेखालून माझ्याकडे परत सरकवली.

"सही जुळत नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की घाईत केली असेल, जरा वाकडी आली असेल.

"वाकडी नाही. या खात्यावर त्रिशला मगदूम नावाचं कुणीच नाही." त्यांनी पडद्याकडे बघून वाचलं, "पद्मजा भूपाल उपाध्ये. नमुना सहीही तीच आहे. या तुमच्या कोण?"

क्षणभर मला खरंच कळेना की ही कोण. सासुरवाडीत तिला सगळे बाळी म्हणायचे, पत्रिकेवरचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. लग्नात नाव मी बदललं होतं. माझ्या आईला त्रिशला आवडायचं म्हणून. त्याआधी तिला काही नाव होतं, ते नाव तिनं बावीस वर्षं वापरलं होतं, त्या नावानं ती परीक्षा पास झाली होती, हे मी साफ विसरलो होतो. आणि मी नक्कल केली ती मीच ठेवलेल्या नावाची.

"बायको," मी म्हणालो.

"मग ही सही कुणी केली?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठीवर त्यांनी दोन तिरक्या रेघा मारल्या आणि चार वाजेपर्यंत खिडकी उघडी आहे, ज्यांचं खातं आहे त्यांना घेऊन या, एवढंच म्हणाल्या. पोलिसात द्यायला हवं होतं मला. त्यांनी दिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. त्रिशला वाल निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पैसे, अण्णा, सहाशे, लिलाव, आणि सही. सहीचं शेवटी सांगितलं. ती रडेल, ओरडेल, भावांना बोलावेल असं मला वाटलं होतं. तिनं वालाचं ताट बाजूला ठेवलं.

"तुम्ही इकलेले कुणाचे होते?" तिनं विचारलं.

"कुणाचे न्हाईत. तसंच असतंय ते. आधी इकायचं आणि मग..."

"कुणाचेच न्हवते, तर माझे का द्यायचे?"

याचं उत्तर मुजावरकडे होतं, अण्णांकडे होतं, बाजाराच्या नियमात होतं. माझ्याकडे नव्हतं. दुकानाचे पैसे जातील, एवढंच मी परत म्हणालो. तिचेच पैसे वाचवायला तिचेच शेअर मागत होतो. तिला दोन्ही बाजूंनी मीच अडकवलं होतं, आणि तिच्याकडे घड्याळात एक तास होता.

"बाबा म्हणाले होते, हे पेव समज," ती म्हणाली. हरिपूरला जमिनीत खोल खड्डा काढून त्यात हळद भरतात आणि तोंड लिंपून टाकतात, त्याला पेव म्हणतात. सासऱ्यांची तशी चार पेवं होती. "तोंड लिंपलंय म्हणाले. रोज उघडून बघायचं न्हाई. लागलं तर तुझं तू उघड, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून उघडू नको."

मग ती उठली आणि पेन घेऊन आली. वर्तमानपत्राच्या कडेला तिनं ती सही करून बघितली. पद्मजा इथवर आली, पुढे हात अडला. पुन्हा केली. 'उपाध्ये'च्या शेवटी तिच्या वडिलांसारखी एक वेलांटी खालून मागे जायची, ती म्हणाली, पण उजवीकडून की डावीकडून ते आठवेना. दर वेळी हात 'मगदूम'कडे वळायचा. कडा भरली, तिनं पान उलटलं. सव्वातीन झाले. घाई कर, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा," ती म्हणाली. "तुम्ही बघत असला की मला ती येत न्हाई."

मी पायरीवर जाऊन बसलो. माझ्या घराच्या पायरीवर, परक्यासारखा. आतून काही आवाज नव्हता. पेन कागदावर घासल्याचा आवाज येतोय असं मला वाटत होतं, तो भासही असेल. मी आयुष्यात एवढा लाजलो नाही. आतली बाई मला ओळखत नव्हती आणि मी तिला ओळखत नव्हतो, आणि माझं सगळं तिच्या हातावर होतं.

साडेतीनला ती साडी बदलून, चपला घालून बाहेर आली आणि नुसतं चला म्हणाली. स्कूटरवर मागे बसली तर माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली. खिडकीपाशी देशिंगकर बाईंनी मान वर केली.

"पद्मजा उपाध्ये?"

"हो, मीच," ती म्हणाली.

मला तो आवाजही वेगळा वाटला. तिनं चिठ्ठी भरली. सहाशे, आकड्यात आणि अक्षरात. मग न थांबता सही केली. शेवटची वेलांटी खालून डावीकडे गेली आणि पहिल्या अक्षराला जाऊन टेकली. बाईंनी चिठ्ठीवरून नजर पडद्यावर नेली, पडद्यावरून चिठ्ठीवर आणली आणि शिक्का मारला. चारला दहा कमी होते.

मी सुटलो. आम्ही जिना उतरायला लागलो. तिला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो की बरं झालं, निभावलं. ती एक पायरी खाली होती. मागे न बघता ती म्हणाली,

"आता तिच्या नावावर काहीच राहिलं न्हाई."

दुकान झालं. महिनाअखेरीला अनामत भरली, सहाशेचे आलेले पैसेही दुकानातच घातले, काउंटर दारातच ठेवला, आणि त्रिशलानं ते चांगलं चालवलं. तिनं तो विषय परत काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द बोललो असतो. कृष्णातीर पुढे कुठल्या कुठे गेला ते मी इथे सांगत नाही. ती ते पेपरात वाचते की नाही, हे मी कधी विचारलं नाही. अण्णा अजून रोज सकाळी बसतात, तोटा घेऊन हसतात आणि नफा घेऊनही हसतात. ती चाल त्यांच्या अंगातली आहे. अंगरखा त्यांच्या मापाचा होता, मी उगाच घालून बघितला.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पगार झाला तसा मी मुजावरकडे गेलो आणि कृष्णातीरचे दहा घेऊन दे म्हणालो. पूर्ण पैसे भरून. भाव तेव्हा एकशे वीस होता. मुजावरनं विचारलं, कधी विकायचे? विकायचे नाहीत, मी म्हणालो. ते दहा मी माझ्या सहीनं पद्मजा भूपाल उपाध्ये यांच्या खात्यात वळते केले. त्याच्या पुढच्या महिन्यातही दहा. मग भाव चढला तसे पाच, तीन, कधी दोन. पडला तेव्हा वीससुद्धा घेतले. भाव बघून मी थांबलो नाही की धावलो नाही. बाजार कोसळला त्या वर्षी ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेव्हाही पाच तारखेला मी हजर होतो. हळूहळू लोक मला शहाणा म्हणायला लागले. यार्डातली तरुण पोरं येऊन विचारतात, काका, तुमची पद्धत सांगा, एवढा धीर कुठून आणता. मी म्हणतो, ज्याची त्याची चाल असते, बाबांनो. यापलीकडे मला त्यांना काही सांगता आलेलं नाही.

सहाशे पुरे व्हायला नऊ वर्षं लागली. ज्या दिवशी झाले त्या दिवशी मी खात्याचा उतारा घेतला आणि दुपारी दुकानावर गेलो. कॉलेज सुटलं नव्हतं, गर्दी नव्हती. त्रिशला मशीनमध्ये कागद भरत होती. मी उतारा काउंटरवर ठेवला. वर तिचं ते नाव होतं आणि खाली सहाशे. तिनं चष्मा लावला, दोन्ही वाचलं. किती वर्षं लागली, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं, आणि मला वाटलं की आता सौदा पुरा झाला.

तिनं उताऱ्याची घडी घातली आणि ती माझ्या हातात परत दिली.

"हे तुम्ही घेतलेत," ती म्हणाली. "ते बाबांनी ठेवलेले होते."

आवाजात राग नव्हता. माया होती, हे मी पैजेवर सांगतो. एक मुलगा झेरॉक्सला आला, ती त्याच्याकडे वळली. मी उतारा खिशात घालून यार्डात परत गेलो, चार गाड्या हळद तोलायची होती.

पुढच्या पाच तारखेला मी मुजावरकडे गेलो. साहेब, सहाशे झाले की, तो म्हणाला. मी म्हणालो, दोन घेऊन दे.